गोष्टीचा दुसरा लेखक

लहान मुलांच्या गोष्टीत शब्द हेच मुख्य, चित्रं मागाहून येतात, असं मी बरीच वर्षं मनापासून मानत आले. शिबिरांतून तसं बोलले, नव्यानं लिहू लागलेल्यांना तसा सल्लाही दिला. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या पुस्तकात चित्रकार हा गोष्टीचा दुसरा लेखक असतो, आणि मुखपृष्ठावर, करारात, रॉयल्टीत त्याची जागा तशीच असली पाहिजे, असं आता मला वाटतं. मत का बदललं ते नीट मांडावं म्हणून हे लिहिते आहे. कारण आधीचं मतही मी कुणाचं उसनं घेतलेलं नव्हतं.

त्या मतामागे आजीच्या गोष्टी होत्या. कुडाळ तालुक्यातलं आमचं घर. पावसाळ्यात वीज गेली की परत कधी येईल ते कुणी सांगू शकत नसे. अशा वेळी पडवीत बसून ऐकलेल्या गोष्टींना चित्र कुठलं असणार? तरी राक्षस दिसायचा. मला दिसलेला राक्षस दाराएवढा होता, आणि धाकट्या भावाला दिसलेला चक्क विहिरीत मावणारा. दोघांचे राक्षस वेगळे होते यातच सगळी मजा होती. पुढे वाचू लागले तेव्हा हाती आलेली पुस्तकंही अक्षरांचीच. ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झालं, आणि त्यातलं घर मनात उभं राहायला मला चित्राची कधी गरज पडली नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हे सगळे मला वाक्यांतूनच भेटले होते. मूल ऐकतं आणि मनात रचतं. ते रचणं आपण चित्र देऊन त्याच्याकडून काढून का घ्यावं, असा माझा प्रश्न होता. तो प्रश्न मला आजही फालतू वाटत नाही.

दुसरं कारण पैशाचं. बहुतेक मराठी पुस्तकांची पहिली आवृत्ती हजाराच्या आसपास प्रतींची असते. चार रंगांत छापायचं तर प्लेटा, मशीन लावणं, रंग जुळवणं हा खर्च हजार प्रतींना जेवढा तेवढाच दहा हजारांना. प्रती कमी असल्या की तो सगळा प्रत्येक प्रतीच्या किमतीवर येऊन बसतो. वर जाड कागद. पुस्तक महाग झालं की जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलापर्यंत ते पोचत नाही. मग स्वस्त, एकरंगी, भरपूर मजकुराचं पुस्तक काढणं हेच न्यायाचं, असं मी म्हणत असे. पुस्तक प्रदर्शनात आईबाप चित्रांचं पुस्तक चाळतात, ‘चोवीस पानांत एवढीच अक्षरं?’ म्हणतात आणि परत ठेवून देतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. मला त्यांचं म्हणणं पटायचं.

शिवाय आमची लिहिण्याची रीतच अशी होती की चित्रकाराशी गाठ पडू नये. गोष्ट हाताने किंवा टाइप करून मासिकाकडे पाठवायची. स्वीकारल्याचं पत्र यायचं, किंवा साभार परत. काही महिन्यांनी अंक घरी आला की चित्रं पहिल्यांदा दिसायची. ‘किशोर’ घ्या. १९७१च्या नोव्हेंबरपासून बालभारती हे मासिक काढते. त्यात किती नामवंत चित्रकारांनी कामं केली! तिथे रंगीत चित्रं आणि परवडणारी किंमत एकत्र नांदली, कारण छपाई मोठ्या संख्येनं होत होती आणि मागे पाठ्यपुस्तक मंडळ उभं होतं. पण लिहिणारे आणि काढणारे समोरासमोर बसून गोष्ट घडवतील अशी रीत मला मासिकांच्या जगात फारशी दिसली नाही. दोघांच्या मधे संपादकाचं टेबल. त्या टेबलाच्या अलीकडे राहून मी माझं मत पक्कं केलं होतं.

मत हललं ते एका पुस्तकाच्या कामात. आठवडी बाजाराची गोष्ट होती. बाबल नावाचा मुलगा सुकी मासळी विकणाऱ्या आईशेजारी बसलेला असतो. एका बकरीच्या करडामागे उठून जातो, चुकतो, आणि शेवटी वासावरून आईच्या पाटीपाशी परत येतो. मला ती गोष्ट आवडली होती, प्रकाशकालाही आवडली. प्रकाशकानं ती ज्या चित्रकर्तीकडे दिली, तिचा मला फोन आला. हे पहिल्यांदाच घडत होतं.

‘ताई, बाबल केवढा आहे?’

‘सहा वर्षांचा.’

‘वय नाही, उंची विचारतेय. तो उभा राहिला तर त्याचं डोकं आईच्या पाटीच्या वर येतं का? बाजारात त्याला काय दिसतं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती स्वतः बाजारात जाऊन आली. एका दुकानाच्या पायरीवर बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, तिनं सकाळभर रेखाटनं केली. ती मला दाखवली तेव्हा मी माझा मजकूर शेजारी ठेवून वाचला. मी लिहिलेला बाजार माझ्या उंचीवरून पाहिलेला होता. दुकानांच्या पाट्या, माणसांचे चेहरे, टोपल्यांतले ढीग, सगळं वरून. तिच्या कागदावर चेहरे नव्हतेच. लुगड्यांचे काठ होते, धुळीनं भरलेल्या टाचा होत्या, लोंबणाऱ्या पिशव्या, तराजूच्या पारड्याचा तळ, ताडपत्रीच्या दोऱ्या, खुंटीला बांधलेल्या कोंबड्या. माणसांचं बोलणं वरून कुठून तरी येतं आणि ओळखायला फक्त पाय असतात. त्या मुलाला आई सापडत नाही ती यामुळे. मी ‘गर्दीत बाबल हरवला’ एवढंच लिहिलं होतं. तो का हरवला हे मला तिच्या चित्रानं सांगितलं.

त्यानंतर मी मजकूर कापायला बसले. तिनं एकही वाक्य काढायला सांगितलं नव्हतं. बाजाराचं वर्णन गेलं. ‘बाबल घाबरला’ गेलं, कारण दोन पानांवर पसरलेल्या पायांच्या जंगलात खाली एका कोपऱ्यात तो एवढासा उभा होता आणि त्याखाली हे वाक्य ठेवलं तर ते चित्राचं ओझं झालं असतं. काय उरलं? वास उरला. सुक्या सुंगटांचा वास, बांगड्याचा वास, वारा कुठून येतोय ते. आईचा आवाज उरला. भाव सांगताना ती शेवटचा शब्द लांबवते तो हेल उरला. जे चित्राला करता येत नाही ते सगळं शब्दांकडे आलं, आणि गोष्ट आधीच्या निम्म्याहून कमी शब्दांत बसली. लिहिण्याचं माझं काम यानं कमी झालं नाही. उरलेल्या प्रत्येक शब्दावर मला पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसावं लागलं.

तिनं आणखी एक केलं. माझ्या मजकुरात नसलेला एक कुत्रा तिनं पहिल्या पानावर आईच्या पाटीखाली झोपवला होता. बाबल उठून जातो तसा तो डोळा उघडतो, पुढच्या पानावर मागे निघतो, आणि अखेरपर्यंत कुठे ना कुठे असतो. एकाही वाक्यात त्याचा उल्लेख नाही. मी विचारलं, हा कशाला? ती म्हणाली, वाचून दाखवणाऱ्याला ठाऊक नसलेलं काहीतरी ऐकणाऱ्याला ठाऊक असावं म्हणून.

पुस्तक आल्यावर मी ते आमच्याकडच्या एका शाळेत पहिलीच्या वर्गात वाचून दाखवलं. मी शब्द वाचत होते आणि मुलं माझ्याकडे बघतच नव्हती, ती पानाकडे बघत होती. बाबल चुकला त्या पानावर मी आवाज हळू केला तर एक मुलगी उठून जवळ आली, पानावर बोट ठेवलं आणि मला समजावत म्हणाली, ‘त्या कुत्र्याक सगळा म्हायत आसा!’ तिला अक्षरं अजून येत नव्हती, असं बाईंनी मागाहून सांगितलं. वर्ग सुटल्यावर तीच मुलगी ते पुस्तक घेऊन दोघींना गोष्ट सांगत होती. पानं बरोबर उलटत, स्वतःच्या शब्दांत, मालवणीत, आणि माझ्यापेक्षा जास्त तपशिलानं.

मजकूर हेच पुस्तक असतं तर ही मुलगी वाट पाहत बसली असती. कधी तिला जोडाक्षरं येतील, कधी ती वाचेल. ज्या घरात वाचून दाखवणारं कुणी नाही तिथे ती वाट फार लांबते. चित्रामुळे ती त्या दिवशीच वाचक झाली. स्वस्त आणि मजकुरानं भरलेलं पुस्तक गरीब मुलापर्यंत पोचतं, हे मी इतकी वर्षं सांगत होते. ते हातापर्यंत पोचतं हे खरं. पण ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी ते बंद दार आहे, याचा मी तोवर विचार केला नव्हता.

आजीच्या गोष्टींचा आधारही मला पुन्हा तपासावा लागला. मौखिक परंपरेत चित्राला जागा नाही असं मी बोलत असे, आणि पिंगुळी आमच्याच तालुक्यात. तिथला ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सादर करत आला आहे. हातानं रंगवलेली सुटी चित्रं, त्यांच्या संचाला पोथी म्हणायचं. एकेक चित्र समोर धरून गाण्यातून, बोलण्यातून रामायण-महाभारतातलं आख्यान सांगायचं, सोबतीला वीणा आणि टाळ. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्र बदलण्याचा क्षण आणि आवाज चढण्याचा क्षण तिथे एकमेकांना बांधलेले असतात. म्हणजे सांगणं आणि दाखवणं एकाच माणसाच्या हातात असण्याची वाट आपल्याकडे जुनीच होती. मुलांच्या छापील पुस्तकात ती दोन माणसांत वाटली गेली, आणि त्यातल्या एकाचं नाव बारीक अक्षरात श्रेयपानावर गेलं.

फास्टर फेणेही मला आता वेगळा दिसतो. त्याचा तो काटकुळा बांधा, उभे केस, पुढे झेपावलेलं अंग, हे माझ्या मनातलं रूप भागवतांच्या वाक्यांइतकंच राम वाईरकरांच्या रेषेचं आहे. हेच वाईरकर पुढे ‘टिंकल’मधल्या सुपंडीचेही चित्रकार. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या बालपणाला चेहरे देणारा हा माणूस. आणि बालसाहित्याविषयीच्या माझ्या भाषणांत त्यांचं नाव एकदाही आलेलं नव्हतं.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मग मी वही घेऊन पुन्हा वाचली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या लेखिकेच्या बाबतीत लिहिणं आणि काढणं एकाच हाताचं. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ‘राधाचं घर’मध्ये घरातल्या माणसांविषयी वाक्यं अगदी मोजकी आहेत, पण त्या माणसांच्या बसण्यात, कपड्यांत, आजूबाजूच्या पसाऱ्यात स्वभाव उतरलेला असतो. शब्द जे सांगतात तेच चित्र पुन्हा सांगत नाही. दोघांत थोडी फट ठेवलेली असते, आणि त्या फटीत मुलाला जागा मिळते. परदेशातलं एकच उदाहरण देते. मॉरिस सेंडाक यांचं १९६३ सालचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. साडेतीनशेहून कमी शब्दांचं पुस्तक. मुलाची कल्पना जसजशी मोकाट सुटते तसतसं चित्र पानावर मोठं होत जातं, मजकुराला ढकलत नेतं, आणि ऐन धिंगाण्यात सलग तीन दुपानांवर एकही शब्द नाही. मुलाची कल्पनाशक्ती चित्रामुळे आक्रसते, हे माझं जुनं म्हणणं या पानांसमोर टिकत नाही.

सगळंच म्हणणं मी सोडलेलं नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहायची तर ती शब्दांच्या बळावरच उभी राहिली पाहिजे. तिथे पानोपानी चित्र मला नकोच वाटतं. भुताच्या गोष्टीत भूत काढून दाखवू नये, याबद्दल तर माझी खात्री आहे. तिथे आजी बरोबर होती. आणि घाईत काढलेलं, दर पानावर तेच हसरं तोंड चिकटवणारं चित्र नसलेलं बरं. माझं आताचं मत लहानांच्या चित्रपुस्तकापुरतं आहे, आणि त्यात ते ठाम आहे.

त्यामुळे माझी लिहिण्याची पद्धत बदलली. पूर्वी गोष्ट संपली की काम संपायचं. आता पहिला खर्डा झाला की मी जुने पाठकोरे कागद दुमडून डमी करते. मधे पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत असतात. चोवीस पानांतलं नावाचं पान आणि श्रेयपान वगळलं की गोष्टीला दहा-अकरा दुपानं मिळतात. त्यात गोष्ट बसवायला गेलं की कुठे ती रेंगाळते आणि कुठे धावते ते लगेच दिसतं. मूल पान उलटतं तो क्षण लेखकाच्या हातातलं मोठं साधन आहे. प्रश्न उजव्या पानावर खाली आणि उत्तर उलटल्यावर, एवढ्या साध्या मांडणीनंही वर्गातला श्वास थांबतो. आपल्या लिपीचाही विचार करावा लागतो. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षरं. ओळींत अंतर मोकळं ठेवलं नाही तर नवशिक्या वाचकाची नजर घसरते. म्हणून चित्रात मजकुरासाठी फिकी, निवांत जागा आधीच राखावी लागते. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवला तर आणखी एक फायदा होतो. तेच रंगीत छापकाम दुसऱ्या भाषेसाठी वापरता येतं, फक्त काळ्याची प्लेट बदलायची. मग खर्च दोन-तीन भाषांच्या प्रतींत वाटला जातो आणि माझ्या किमतीच्या जुन्या काळजीवर थोडा तरी इलाज निघतो. चेन्नईचं तूलिका, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांच्यासारखे अनेक भाषांत काम करणारे प्रकाशक याच हिशेबानं चित्रपुस्तकं पोचवू शकले. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तर एकाची चित्रं घेऊन दुसऱ्याला त्यांवर स्वतःची गोष्ट लिहिता येते. चित्राच्या पोटात आपली म्हणून गोष्ट असते, याला आणखी कसला पुरावा हवा?

नव्यानं लिहिणाऱ्यांना आता मी सांगते ते असं. हस्तलिखितासोबत ओळखीच्या कुणाची चित्रं जोडून पाठवू नका, ती निवड प्रकाशकाला करू द्या. पण चित्रकाराशी बोलायला मिळावं ही अट मात्र घाला. चित्रसूचना लिहायच्या त्या जिथे अर्थ अडेल तिथेच. ‘मुलीचा फ्रॉक लाल’ हे सांगायची गरज नसते. ‘हिला डाव्या कानानं ऐकू येत नाही’ हे सांगायची असते.

राहिला पैसा. यावर लेखकमित्रांशी माझे वाद झाले आहेत. आपल्याकडची सर्वसाधारण पद्धत अशी की लेखकाला विक्रीवर टक्केवारी आणि चित्रकाराला एकदाच ठरावीक रक्कम. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या तरी चित्रकाराला त्यातलं काही नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं १७वं कलमही इथे पाहण्यासारखं आहे. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, ते काढवून घेणाऱ्याचा. लेखकानं आपल्या वेळेत, आपल्या मनानं लिहिलेल्या मजकुराचा हक्क लेखकाचाच राहतो. म्हणजे चित्रकारानं कागदावर काही लिहून घेतलं नाही तर त्याच्या हाती काही राहण्याची खात्री नाही. बाबलच्या पुस्तकाचे करार झाले तेव्हा मी हे वाचलेलं नव्हतं. नंतर वाचलं आणि मला ते सहन झालं नाही. ज्या कुत्र्यामुळे मुलं ते पुस्तक पुन्हापुन्हा मागतात तो माझा नाही, आणि पैसे मला येतात.

मित्रांचं म्हणणं, मराठी बालसाहित्याच्या लेखकाला मिळतं किती की त्यातलं वाटून द्यायचं? बरोबर आहे, फार मिळत नाही. लेखकाचा वाटा कमी करण्यापेक्षा दोघांचा मिळून वाटा वाढवून मागावा, हे त्यांचं म्हणणं मला मान्यही आहे, आणि त्यासाठी दोघांनी एकत्र बसून बोलणी करायला हवीत. पण वाढ मिळेपर्यंत चित्रकारानं थांबावं, हे मला मान्य नाही. जे आहे ते मी निम्मं-निम्मं करते. माझी रक्कम त्यानं कमी झाली आहे.

सध्या हातात एक नवी गोष्ट आहे, होडीवरची. त्याच चित्रकर्तीबरोबर. यावेळी मी पूर्ण खर्डा लिहून तिच्याकडे गेले नाही. आम्ही दोघी आधी वेंगुर्ल्याच्या बंदरावर जाऊन बसलो, आणि गोष्टीतलं मूल होडीत उभं असेल की बसलेलं, यावरच पहिली सकाळ गेली. प्रकाशकानं दोन्ही नावं मुखपृष्ठावर एकाच आकारात घ्यायचं कबूल केलं आहे. रॉयल्टीच्या कलमावर अजून बोलणं चालू आहे. मसुद्यात माझ्यासाठी एक कलम आहे आणि तिच्यासाठी दुसरं. दोन्ही कलमं शब्दशः सारखी होऊन आली की मी सही करीन, असं त्यांना कळवलं आहे.